दुसरी यादी

पाकीट आलं तेव्हा ताई भांडी पुसत होती. हात कोरडे करून तिने ते फोडलं. आत बेचाळीस पानं, आणि वरच्या कोऱ्या कागदावर धाकटीच्या घाईच्या अक्षरात एक ओळ: "ताई, आधी तू वाच. मग जगाला दाखवते."

त्या 'जगाला'पाशीच ताईचं मन अडकलं.

धाकटी बहीण तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. लहानपणी एका जागी म्हणून ठरत नसे, तेव्हा बाबांनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. आता त्रेचाळीस वर्षांची झाली, दुसऱ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत गणिताची प्राध्यापक झाली, तरी घरात ती भिंगरीच. तिला गणिताची गोडी लावली ती ताईने. स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूने आकडे मांडून, चुकलं तर कान धरून, बरोबर आलं तर पाठ थोपटून. आणि आता लोक ताईची ओळख करून द्यायचे ती अशी: "या त्यांच्या बहीण. याही गणितच शिकवतात." त्या 'ही'ने ताईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण कुणी केली असेल त्यालाही नक्की धाकटी बहीण असणार, असं तिला वाटे.

तिने पानं उलटली आणि विषय पाहून ती खुर्चीवर टेकली. हा तिचाच प्रश्न होता.

अंकगणिताची एक पद्धत होती. मूठभर नियम, आणि त्या नियमांवरून एकेक पायरी चढत विधानं सिद्ध करायची. नियम मुद्दाम सैल ठेवलेले, इतके की मोजणी कधीच संपत नाही असंही त्यांत कुठे म्हटलेलं नव्हतं. प्रश्न असा: कुठलंही विधान समोर ठेवलं, तर ते या नियमांवरून सिद्ध होईल की नाही हे ठरवण्याची खात्रीची रीत आहे का? रीत असेल तर सिद्ध होणाऱ्या विधानांचा संच निर्णेय. नसेल तर अनिर्णेय. ताईने आपल्या उमेदीची नऊ वर्षं तो अनिर्णेय आहे हे दाखवण्यात घातली होती. दोन छोटे लेख छापून आले, मग आईचं दुखणं निघालं, मग कॉलेजातले तास वाढले, आणि एक दिवस तिने सगळ्या वह्या दोरीने बांधून कपाटावर टाकल्या.

भिंगरीने पहिल्याच पानावर लिहिलं होतं: संच निर्णेय आहे.

म्हणजे नऊ वर्षं ताई उलट्या बाजूला तोंड करून चालत होती. तिने शेवटचं पान काढून आभार पाहिले. तिचं नाव होतं. सातवं. टंकलेखन करून देणाऱ्या बाईंच्या नंतर.

बुधवारी कॉलेजात परीक्षा होती. ताई पर्यवेक्षणाला ज्या वर्गावर होती तिथे साठ मुलं माना खाली घालून लिहीत होती. टेबलाशी उभी राहून ती भिंगरीची पानं वाचत होती. युक्ती देखणी होती, हे तिला कबूल करावंच लागलं. तेराव्या पानापर्यंत तिला बोट ठेवायला जागा सापडली नाही आणि प्रत्येक पानागणिक तिचा जीव कडू होत गेला. मग चौदावं पान आलं. तिथे भिंगरीने लिहिलं होतं, "आता योग्य असा म घेऊ." ताईने ओळ पुन्हा वाचली. मागची तीन पानं पुन्हा वाचली. असा योग्य आकडा म असतोच, हे कुठेही दाखवलेलं नव्हतं. विधान साधं असेल तर तो मिळत होता. विधानात दोन अज्ञातं एकमेकांत गुंतलेली असली, की इथंच घोडं पेंड खात होतं.

ताईच्या पोटात अगदी गार वाटलं. मागच्या बाकावरच्या मुलीने पुरवणी मागितली तेव्हा मॅडम हसून "घे बाळा" म्हणाल्या. मॅडम परीक्षेत हसतात हे त्या मुलीने बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं.

फोन करणं दोन मिनिटांचं काम होतं. ताईने केला नाही. शुक्रवारी येतेच आहे, तेव्हा सांगू, असं तिने स्वतःला समजावलं. पण मनात दुसरंच शिजत होतं. नुसतं भोक दाखवून भागणार नव्हतं, तिला सगळी इमारतच पाडायची होती. एक असं विधान रचायचं की ज्याला कुठलाच म चालणार नाही. ते जमलं, तर भिंगरी चूक आणि आपली नऊ वर्षं बरोबर. तिने कपाटावरच्या वह्या खाली काढल्या. धुळीने शिंका आल्या, तरी बसली.

शुक्रवारी दुपारी भिंगरी आली. चाकांची बॅग जिन्यात आपटत, तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वतःशीच बडबडत. सोमवारी तिचं ताईच्याच कॉलेजात व्याख्यान होतं. आल्या आल्या ताईच्या गळ्यात पडून तिने विचारलं, "वाचलंस? खरं सांग, कसं झालंय?"

"वाचतेय," ताई म्हणाली. "पुष्कळ आहे ना. तास, पेपर, घर… मला तुझ्यासारखा वेळ कुठला?"

भिंगरीचा चेहरा जरा उतरला, पण ती लगेच बाबांकडे वळली. बाबा खिडकीशी त्यांच्या खुर्चीत बसले होते. चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासण्यात गेली होती. निवृत्त झाले तरी पेन्सिल आणि भिंग हाताशी असायचं. येणाऱ्या प्रत्येक छापील कागदावर, औषधाच्या खोक्यावरच्या सूचनांवरसुद्धा, ते खुणा करत.

"काय शोधलंस म्हणे एवढं?" त्यांनी विचारलं. "मला कळेल असं सांग."

भिंगरी त्यांच्या पायाशी बसली. "बाबा, हातात असलेला कागद ही सिद्धता आहे की नाही, हे तुम्हीसुद्धा तपासू शकता. अर्थ कळायची गरज नाही. प्रत्येक ओळ आधीच्या ओळींवरून नियमाप्रमाणे आली की नाही, एवढंच बघायचं. पण एखाद्या विधानाला सिद्धता आहे का, असं विचारलं तर?"

"तर शोधावी लागेल."

"शोधा. यंत्राला सांगा, एकामागून एक सगळ्या सिद्धता काढत राहा आणि काय काय सिद्ध होतंय त्याची यादी कर. तुमचं विधान यादीत आलं तर सुटलात. नाही आलं तर?"

"वाट बघायची."

"किती?"

"जन्मभर. कारण उद्या येणारच नाही असं कोण सांगणार?"

"बरोबर! म्हणून मी दुसरी यादी केली. जी विधानं सिद्ध होत नाहीत त्यांची. प्रत्येकासाठी मी एक लहानसं बनावट अंकगणित बनवते. घड्याळासारखं रिंगण, थोडेसेच आकडे, शेवटच्या आकड्यानंतर पुन्हा शून्य. त्यात आपले सगळे नियम पाळले जातात, पण ते विधान मात्र खोटं पडतं. नियम पाळूनही जे खोटं पडतं, ते नियमांवरून सिद्ध कसं होईल? आता प्रत्येक विधान या यादीत नाहीतर त्या यादीत येणारच. दोन माणसं बसवा, एकाला एक यादी द्या. दोघांतला एक जण कधीतरी नक्की हाक मारेल."

"वा!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे थांबायचं कधी ते कळलं."

ताई स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभी होती. सिद्धता तपासायला अर्थ कळायची गरज नाही, हे तिचं वाक्य होतं. याच घरात, याच पोरीला, बाबांचंच उदाहरण देऊन तिने ते शिकवलं होतं. आणि बाबांनी नऊ वर्षांत तिला एकदाही विचारलं नव्हतं की तू एवढं काय खरडत असतेस. कप ठेवताना तिच्या हातून थोडा चहा बशीत सांडला. "काय गं, लक्ष कुठंय?" बाबा म्हणाले. त्यांनी तिची प्रत मागून घेतली. "मला दे. अर्थ कळायची गरज नाही म्हणतेय ना, मग मीही तपासतो."

शनिवारी भिंगरी पलंगावर कपडे पसरून बसली आणि ताईने तिला व्याख्यानाला निळा रंग घाल म्हणून सांगितलं. मग पेपर तपासायचे आहेत असं सांगून ती कॉलेजात गेली. शनिवारी तिथे चिटपाखरू नसे. रिकाम्या वर्गात फळ्यासमोर ती भिंगरीची सिद्धता मोडायला उभी राहिली. इतक्या ईर्ष्येने तिने उभ्या आयुष्यात काम केलं नव्हतं. एक विधान रचलं, त्याला योग्य म आकड्यांचं रिंगण सापडलं. त्याहून अडनिडं रचलं, त्यालाही सापडलं. तिसरं रचलं ते अस्सल होतं, त्याला कुठलंच एक रिंगण पुरत नव्हतं. आपण जिंकलो असं वाटत असतानाच तिला दिसलं की एक रिंगण पुरत नसलं तरी दोन पुरतात. तास आणि मिनिटांसारखी दोन वेगवेगळी रिंगणं जोडीने फिरवली, तर नियम तसेच पाळले जात होते आणि विधान खोटं पडत होतं. आणि हे त्या एकाच विधानाचं नव्हतं. कुठलंही घेतलं तरी तेच.

तिने चार पानं लिहून काढली. भोक बुजलं होतं. पाडायला गेली आणि भिंत बांधून बसली. भिंगरी बरोबर होती, आता तर पक्की बरोबर होती, आणि ते पक्कं करणारी ताई होती. तिला क्षणभर इतका आनंद झाला की ती एकटीच मोठ्याने हसली. मग सोमवारी फळ्यावर कुणाचं नाव येणार ते आठवलं. पानांची घडी करून तिने ती पर्सच्या आतल्या कप्प्यात घातली.

रविवारी दुपारी भिंगरी मैत्रिणींना भेटायला गेली होती. बाबांनी ताईला हाक मारली. "झालं वाचून. स्वल्पविराम सात ठिकाणी, दोन आकडे उलटे. आणि हे बघ." त्यांनी चौदावं पान वर काढलं. समासात मोठं प्रश्नचिन्ह होतं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: हा म कोण? "इतर प्रत्येक अक्षर आत येताना ओळख देऊन येतं. हा बाबा दार न वाजवताच घुसलाय. मला अर्थ कळत नाही, पण काहीतरी राहिलंय. उद्या बोलायच्या आधी तिला दे हे."

"देते," ताई म्हणाली.

आतल्या खोलीत जाऊन तिने दार लोटलं. टेबलावर खोडरबर होता. सात स्वल्पविरामांना तिने हात लावला नाही. उलट्या आकड्यांनाही नाही. चौदाव्या पानाच्या समासातलं तेवढं प्रश्नचिन्ह आणि खालचे तीन शब्द तिने सावकाश, कागद चुरगळू न देता पुसले आणि रबराचा चुरा तळहाताने गोळा करून खिडकीबाहेर टाकला. संध्याकाळी भिंगरी आली तेव्हा तिने पानं तिच्या हातात दिली. भिंगरीने भराभर चाळली आणि ओरडली, "बाबा, सात स्वल्पविराम! मी मेलेच!"

सोमवारी अकरा वाजता सभागृह भरलं. पहिल्या रांगेत थोरले सर होते, ऐंशीच्या घरातले, एके काळचे ताईचे मार्गदर्शक. भिंगरी निळ्या कपड्यांत छान दिसत होती. बोलतही छान होती. लोक हसत होते, माना डोलावत होते. पाऊण तासाने ती म्हणाली, "आता योग्य असा म घेऊ," आणि थोरल्या सरांनी काठी जमिनीवर हलकेच आपटली.

"बाळ, तो आहे कशावरून?"

भिंगरीने तोंड उघडलं. मग फळ्याकडे वळली. खडू हातात तसाच. एक मिनिट गेलं, दोन गेली. शाळेत कविता म्हणताना मध्येच विसरली की ती प्रेक्षकांत ताईला शोधायची, तशी तिची नजर फिरत फिरत ताईवर आली. ताईने मान खाली घातली आणि पर्सचा बंद उघडून पुन्हा लावला.

या घटकेची चव तिने पाच दिवस मनात घोळवली होती. गोड लागली, नाही असं नाही. पण घोटभरच, मग घशाशी आली.

"सर," भिंगरी शेवटी म्हणाली, "याचं उत्तर आत्ता माझ्याकडे नाही. म्हणजे आजच्या घडीला माझ्याकडे सिद्धताच नाही." तिने ते सरळ उभं राहून सांगितलं. खुर्च्या सरकल्या. बाहेर एक सहकारी बाई ताईला म्हणाल्या, "तुमच्या बहिणीने जरा घाईच केली, नाही?" आणि ताईच्या तोंडून ताडकन निघालं, "तुम्ही कधी केली होती का एवढी घाई?"

घरी बाबांनी दारातच विचारलं, "कसं झालं?"

"चौदाव्या पानावर तोंडावर आपटले, बाबा."

"पण तिथं तर मी खूण केली होती."

"कुठं? चौदावर काहीच नव्हतं."

बाबांनी पान मागितलं, खिडकीशी तिरपं धरलं आणि भिंग लावलं. पेन्सिल गेली होती, पण तिचा दाब कागदात राहिला होता. "कुणी पुसलं हे?" ते म्हणाले. घरात तिघंच होती.

"मी पुसलं," ताई म्हणाली.

"का?" भिंगरीने विचारलं.

"तू आपटावीस म्हणून."

भिंगरीने बाबांच्या हातातून पान घेतलं आणि ताईकडे वळली.

"तुला कधी दिसलं होतं?"

"बुधवारी."

"बुधवारी! मी शुक्रवारी आले. शनिवारी तू मला रंग निवडून देत होतीस!"

"ते भोक बुजतं, भिंगरी. मी बुजवलंय. चार पानं आहेत."

"कधी बुजवलंस?"

"शनिवारीच. दुपारी."

"म्हणजे मी फळ्याशी उभी होते तेव्हा…"

"पर्समध्ये होती."

भिंगरीच्या डोळ्यांत आता पाणी आलं. "मी हा प्रश्न का घेतला माहितीये? तू सोडलास म्हणून. वाटलं, ताई म्हणेल, माझा प्रश्न सुटला."

"माझा प्रश्न होता हे तुला एवढं माहीत होतं," ताईचाही आवाज चढला, "तर मला आधी विचारलं का नाहीस? सहा वर्षं गुपचूप काम केलंस. आणि आभारात मी सातवी. टाइप करणाऱ्या बाईंनंतर!"

भिंगरी हळूच म्हणाली, "विचारलं असतं तर तू माझ्याआधी सोडवला असतास."

ताईने चार पानं पुढे केली. भिंगरीने ती घेतली नाहीत. "आत्ता नको. आत्ता मला तुझ्याकडचं काही नको." संध्याकाळच्या गाडीने ती गेली. जिन्यावरून बॅगेचा आवाज बराच वेळ येत राहिला.

बाबा दोन दिवस ताईशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "लोकांच्या हजारो चुका मी खोडल्या. बरोबर खूण कुणी खोडलेली पहिल्यांदा पाहिली." मग कप खाली ठेवून म्हणाले, "तुझ्या वह्या मी कधी वाचायला मागितल्या नाहीत."

"मागितल्या असत्यात तरी दिल्या नसत्या मी."

"ते असू दे. मागायला हव्या होत्या. आण ती चार पानं."

त्यांनी ती सकाळभर तपासली, दोन ठिकाणी कंस राहिला होता. ताईने पानं पुन्हा स्वच्छ लिहिली आणि भिंगरीला पोस्टाने पाठवली. सोबत चिठ्ठी लिहायला बसली, तर 'माफ कर'च्या पुढे काही सुचेना. तेवढेच दोन शब्द पाठवले.

सात आठवडे काही आलं नाही. तास संपवून घरी आली की ताई आधी टपाल बघायची आणि मग चपला काढायची. आठव्या आठवड्यात एक कार्ड आलं. ना मायना, ना खुशाली. "पान दोन, ओळ सहा. दोन्ही रिंगणं वेगवेगळ्या लांबीची हवीत, हे लिहायचं राहिलंय." ताईने त्याच दिवशी उत्तर पाठवलं: "बरोबर. पण मग तुझं पान एकोणीसही बदलावं लागेल." असं तीन महिने चाललं. कार्डांची पत्रं झाली, पत्रांत आधी बाबांचा रक्तदाब आला, मग हवा, आणि मग एका रविवारी फोन वाजला.

"लेख दोघींच्या नावावर जाईल," भिंगरी म्हणाली. "नावं वर्णक्रमाने लावायची रीत आहे, म्हणजे तुझं आधी. मला आवडलेलं नाही, पण रीत ती रीत."

"आणि आभारात?"

"बाबा. एकटे."

पुढच्या वर्षी एका परिषदेत दोघींनी मिळून तो लेख मांडला. यादीची कल्पना भिंगरीने सांगितली, जोडीच्या रिंगणांचा भाग ताईने. प्रश्नोत्तरांत एका तरुण संशोधिकेने ताईला विचारलं, "दोन रिंगणं एकत्र फिरवायचं तुम्हाला सुचलं कसं?"

"सिद्धता मोडायला बसले होते," ताई म्हणाली. सभागृह हसलं. भिंगरी हसली नाही.

परतीच्या गाडीला उशीर होता. दोघी फलाटावरच्या बाकावर बसल्या होत्या, मध्ये बॅग आणि ताईच्या हातात कागदी कपातला चहा. भिंगरी समोरच्या रुळांकडे बघत होती.

"लोकांना तुझाच भाग जास्त आवडला," ती म्हणाली. "जेवताना सगळे तुझ्याभोवती."

ताईने तिच्याकडे निरखून पाहिलं. "पोटात दुखतंय का तुझ्या?"

"हो. दुखतंय."

"पुष्कळ?"

"पुष्कळ. आणि हसू नकोस."

"मी कुठं हसतेय," ताई म्हणाली. खरं तर तिला बरं वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची लाजही वाटत होती. पुढचा प्रश्न आपण एकत्र घ्यायचा की आपापला, हे विचारायचं तिने तूर्त टाळलं. भिंगरीने तिच्या हातातून कप ओढून घेतला, उरलेला चहा एका दमात पिऊन टाकला आणि साखर कमी आहे म्हणून कुरकुरली.